उशाशी घेतलेलं स्थळ

नागपूर, १२ जानेवारी १९७४

चि. बेबीस, अनेक आशीर्वाद व जयभीम.

पुंजामामांचं पत्र मिळालं. रिसोडचे मास्तर तुला पसंत आहेत, त्यांना तू, आणि बाबांच्या मागे मोठा भाऊ म्हणून माझा होकार तेवढा हवा, हे कळलं. घाई नको. इंग्रजीत अशा वेळी 'स्लीप ऑन इट' म्हणतात, म्हणजे प्रश्न उशाशी घेऊन झोपावं आणि सकाळी ताज्या डोक्यानं ठरवावं. याचा फार जुना दाखला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रात आहे. इंग्लंडच्या राजानंही एका कामावर आधी झोपून मग सांगतो असं म्हटलं होतं. मीही तेच करतो. मायला जप.

तुझा भिवादादा

मेडशी, २० फेब्रुवारी

ती. भिवादादास, बेबीचा जयभीम.

आम्ही खुशाल. तुझी सकाळ मात्र अजून झालेली दिसत नाही. इकडे तूर निघाली, खळं उरकलं, दाणे रिसोडच्या बाजारात विकूनही झाले. मामा लाजून मास्तरांच्या गल्लीतून जात नाहीत. मास्तरांच्या आईनं निरोप धाडला, की नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, आमी वाईट मानत नाही. माय म्हणते, पोराले एवढं शिकवलं ते झोपाले काय!

शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना तुझ्या राजाबद्दल विचारलं. ते हसतच सुटले. म्हणाले, त्यानं सहा लग्नं केली आणि दोन बायकांची मुंडकी उडवली. वा रे तुझा आदर्श! उशी बदलून बघ.

उत्तराची वाट पाहणारी बेबी

नागपूर, ६ मार्च

चि. बेबीस, आशीर्वाद व जयभीम.

थट्टा पुरे. माझ्या ओळखीत एक तहसीलदार आहे. त्याच्या वडिलांकडे मी दिवाळीतच शब्द टाकला आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत मास्तरांना हो किंवा नाही काहीच कळवू नये. तुझ्या भल्यासाठीच सांगतो.

भिवादादा

मेडशी, १८ मार्च

ती. भिवादादास, जयभीम.

म्हणजे तू झोपला नव्हतासच. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. आणि ते सोंग तू इंग्रजीचं पांघरूण घेऊन केलंस, याची मला जास्त चीड आली. मास्तरांना ताटकळत ठेवून तू तहसीलदाराच्या दारात उभा राहिलास. मला एकदा विचारावंसंही वाटलं नाही तुला?

परवा मामांना घेऊन एसटीनं रिसोडला गेले. मास्तरांच्या आईसमोर, भर दुपारी, जागेपणी हो म्हणून आले. मामांना घाम फुटला होता. लग्न बुद्धपौर्णिमेला, आपल्या विहारात.

तुझ्या राजानं सहा लग्नं केली, त्याला झोप परवडत होती. मला एकच करायचं आहे. बाबांच्या जागी उभं राहायला तूच हवास, हेही खरं. तू आला नाहीस तर मी रडेन, पण लग्न थांबायचं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
बेबी