तिसऱ्या स्क्रीनची तक्रार

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नकोस. आज सकाळी मी टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात पालथा पडलो होतो, दोन्ही हात पुढे, कपाळ फरशीला आणि तोंड नेमकं तुझ्या घराच्या दिशेला. म्हटलं, या अवस्थेला आलोच आहोत तर थोरल्या बहिणीच्या नावाने उरकून घ्यावं. (उठताना टेबलाचा कोपरा टाळूत बसला. तो तुझा आशीर्वाद धरून चाललो आहे.)

गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र लावतेस, की अजून डबीत ठेवून त्याची प्रकृती जपतेस? माझं बरं आहे. म्हणजे डॉक्टर म्हणतात बरं आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. झोप बेताची, भूक त्याहून बेताची, आणि घर इतकं गप्प की फ्रिजने दम टाकला तरी मी स्वयंपाकघरात जाऊन बघून येतो, कोण आलं ते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये माझे कंस मावत नाहीत, म्हणून हे पत्र.

विषय कॉम्प्युटरचा आहे. हसू नकोस. चिरंजीवांचा तो तीन स्क्रीनचा कॉम्प्युटर तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा त्याच्या खोलीत डोकावून म्हणाली होतीस, ‘हा काय घरातून विमानं सोडतो की काय?’ विमानं नव्हती, पत्ते होते. ऑनलाइन पोकर. एका स्क्रीनवर चार टेबलं, दुसरीवर चार, तिसरीवर समोरचा कोण कसा खेळतो याची टिपणं. आणि दमला की त्याच तिन्ही स्क्रीनवर ट्रक चालवायचा गेम, विश्रांती म्हणून. मी जन्मभर पंप उघडले. पंपात हात घातला की हात काळे होतात, आणि हात काळे झाले म्हणजे काम झालं, एवढंच माझं शास्त्र. हा दिवसभर राबून उठायचा तो स्वच्छ हातांनी, आणि माझं डोकं फिरायचं. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तो म्हणे कुठल्याशा मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर पोचला होता, साडेतीन हजारांतले नऊ जण उरले होते, आणि मी जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला. (वर्कशॉपमध्ये मशीन हाताबाहेर गेलं की हेच करतात. मला दुसरं कुणी काही शिकवलंच नव्हतं.) तो ओरडला नाही, अक्का. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आठ दिवसांनी तो दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला, आणि नोकरी तरी कसली, तर ऑफिसांमधले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करण्याची. म्हणजे मुलगा शेवटी दुरुस्तीच्या धंद्यातच पडला, फक्त माझ्या नाही.

त्यानंतर आम्हा दोघांचं बोलणं व्हायचं ते हिच्यामार्फत. ‘त्याला सांग, तिकडे थंडी आहे.’ ‘त्यांना सांग, मला माहीत आहे.’ पंप आणि नळ यांच्यामध्ये पाइप असतो तशी ही होती, आणि पाइपचं कौतुक कुणी करत नाही. चौदा महिन्यांपूर्वी ही गेली. तेव्हा तो आला, तीन दिवस राहिला, माझ्याशी मोजून सात वाक्यं बोलला, त्यांतली दोन रिक्षाबद्दल होती.

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी मी त्याच्या खोलीचं दार उघडलं, कॉम्प्युटरवरची चादर ओढली आणि बटण दाबलं. का, ते विचारू नकोस. बंद मशीन दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. चालू झाला की! दोन स्क्रीन ठणठणीत. तिसरी मात्र लागायची, दोन मिनिटं उजेड द्यायची आणि पेशंटने मान टाकावी तशी काळी पडायची. मी आपला स्क्रूड्रायव्हर कॅबिनेटला टेकवला आणि मूठ कानाला लावली. पंपाचं बेअरिंग जाणार आहे हे मला महिनाभर आधी ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे; याच कानांवर मी एका खोलीचं वर्कशॉप अकरा माणसांचं केलं. कॉम्प्युटरमधून मात्र पंखा कोरडा पडलाय, याखेरीज काही कळलं नाही. बिघडल्यावर गप्प बसणारं मशीन मी पहिल्यांदाच पाहिलं. (माणसं पाहिली होती.)

म्हणून फोन केला. नऊ वर्षांत माझ्या हाताने केलेला पहिला. म्हटलं, ‘तुझी तिसरी स्क्रीन लागत नाही.’ त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी अकरापर्यंत मोजली. मग म्हणाला, ‘पॉवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?’ मी म्हटलं, निळा. ‘लुकलुकतोय की स्थिर आहे?’ बापलेकांचा नऊ वर्षांनी फोनवर झालेला संवाद हा असा. पण तुला सांगतो, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन येतो. दुसऱ्या रविवारी तक्रार अशी निघाली की मधल्या स्क्रीनवरचा बाण उजवीकडे नेला की तो डाव्या स्क्रीनमधून बाहेर येतो. तो म्हणाला, ‘डावी आणि उजवी उलट झाल्यात, त्यांच्या जागा बदला आणि रात्री मेसेज करा.’ आता जागा बदला म्हटल्यावर माणूस काय करील? मी दोन्ही स्क्रीन टेबलावरून उचलल्या, क्लॅम्प सोडवले, वायरी वेटोळ्यांतून काढल्या, कंबरेत उसण भरली, आणि डावीच्या जागी उजवी बसवली. बाण सरळ चालू लागला! पुढच्या रविवारी तो म्हणाला, आता सेटिंगमध्ये तेच करू, आणि माझ्याकडून दोन बटणं दाबून घेतली. बाण पुन्हा उलटा. दोघांनीही आपापल्या परीने तोच बिघाड दुरुस्त केला होता. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला, ‘तिसरी स्क्रीन एकदा फिरवून बघा.’ मी स्टँड सोडवून ती खालचं वर करून बसवली. (चांगली घट्ट.) ‘फिरवलीत? कशी?’ मी म्हटलं, ‘कशी म्हणजे? चार स्क्रू होते.’ फोनवर खरखर सुरू झाली. मला वाटलं लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. तो हसत होता, नाकातून, शाळेत असताना हसायचा तसा.

आता, स्क्रीन नेमकी कधी काळी पडते हे पाहायचं तर तिच्यावर काहीतरी चालू हवं. म्हणून त्यानेच फोनवर सांगत सांगत मला पोकर उघडून दिलं, खोट्या चिपांचं, फुकटचं. मी! ज्याने जुगारी म्हणून पोराला घराबाहेर काढलं तो मी रोज सकाळी आंघोळ करून आठ अनोळखी माणसांबरोबर पत्ते खेळायला बसतो. टेबलावर माझं नाव ‘पाणबुडी’. त्या खेळात कुणी बोलत नाही, खोकत नाही, खुर्ची सरकवत नाही. माझ्यासारख्या कानाच्या माणसाने तिथे करायचं काय? मी पानं टाकून देतो. इतकी टाकतो की लोक मला भारी खेळाडू समजतात आणि मी बोली लावली की घाबरून उठतात. ट्रकचं दुखणं निराळं. उजवी स्क्रीन काळी, त्यामुळे उजवीकडून काय येतं ते दिसत नाही, आणि मी आजवर सत्तावीस ट्रक उलटवले, त्यांतले चार बर्फात. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, ‘बाबा, तोवर उजवीकडे वळूच नका.’ तेव्हापासून मी फक्त डावीकडे वळत माल पोचवतो. पोचतो, पण गिऱ्हाइकाचा उत्साह संपलेला असतो.

एक गोष्ट तुला सांगायची की नाही, हे ठरत नव्हतं. पहिले पाच रविवार त्याच्या फोनमागे सूनबाईची चाहूल असायची: कपाट लावल्याचा आवाज, बांगड्या, ‘त्यांना विचारा ना तब्येत कशी आहे’ असं हळू आवाजात. सहाव्या रविवारी नव्हती. सातव्या रविवारी चहाच्या कपात चमचा ढवळला गेला तो एकाच कपात. मी म्हटलं, गेली असेल माहेरी. मग नवव्या रविवारी त्याचा आवाज घुमायला लागला. अक्का, भरलेली टाकी आणि रिकामी टाकी मी डोळे मिटून ओळखतो. त्याच्या खोलीतलं सामान गेलं आहे. कपाट गेलं, पडदे गेले, बहुतेक सोफाही गेला. तो मात्र मला विचारत होता, ‘रिस्टार्ट केल्यावर किती सेकंदांनी जाते?’ आणि मी सांगत होतो, एकशे दहा. विचारायला हवं होतं. पण आमच्यात वायरींखेरीज दुसऱ्या कशावर बोलायची वहिवाट नाही, आणि मला भीती वाटते की भलताच प्रश्न विचारला तर हेही बंद पडेल. तुला तो रोज सकाळी मेसेज करतो. त्यात काही आलं असेल तर ते तुझ्यापाशीच ठेव.

बाकी ठीक. स्क्रीन अजून तशीच आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, मी खोलीतल्या खोलीत चालतो. तुझ्या पायांना नमस्कार (सकाळचा धरून दोन).

तुझा धाकटा

ता. क. १. वर शेवटी स्क्रीनबद्दल लिहिलं ते खोटं आहे. स्क्रीन गुरुवारी दुरुस्त झाली. इंटरनेटचा डबा बदलायला एक गृहस्थ आला होता, पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कामाला चोख. मी त्याच्यासाठी चहा करायला आत गेलो आणि बाहेर येतो तर तिन्ही स्क्रीन लख्ख! त्याने खिशातून वायर काढून जुनीच्या जागी लावली होती. दोन मिनिटांचं काम. मी कप हातात घेऊन उभाच. त्याला वाटलं, म्हातारा आनंदाने गहिवरला. म्हणाला, ‘काका, वायर बदलून बघा हे तर पहिल्या दिवशी सांगतात. फोनवर कोण सांगत होतं तुम्हाला?’ मी म्हटलं, आहे एक, हेच काम करतो. तो म्हणाला, ‘मग एक तर त्याला यातलं काही कळत नाही, नाही तर त्याला घाई नाही.’ आणि न मागता केलेल्या उपकाराचा चहा पिऊन गेला. जाताना जुनी वायर बहुतेक पिशवीत टाकून घेऊन गेला. परत लावावी म्हणून आज टेबलाखाली मी तीच शोधत होतो. पोराला काम येत नाही असं म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटलं होतं. दुसऱ्या शक्यतेचा विचार मी दोन दिवस करतो आहे.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. एक, त्याने विचारलं तर स्क्रीन बिघडलेलीच आहे. दोन, टेलिफोनच्या तक्रार विभागात तू तीस वर्षं काढलीस, दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता कान घालवलेस. तिथे एखादी तक्रार असेलच, जी सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांना खरी वाटली आणि कधी सुटली नाही. तशी एक मला दे. उद्यापासून मला नवा बिघाड लागणार आहे, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तुला चांगलं माहीत आहे. लहानपणी माझ्यामुळे तू किती वेळा मार खाल्लास!

ता. क. ३. रविवार, दुपारी एक. पाकीट अजून डकवलं नव्हतं ते बरं झालं. अकराला फोन आला. मी जमेल तसं सांगितलं: तिसरी तर जातेच, आता मधलीही जाते, आणि जाताना आवाज येतो. ‘कसला आवाज?’ माझी ततपप झाली. म्हटलं, घुमल्यासारखा. त्याने पलीकडे दोन पावलं टाकली, तीही घुमली. मग म्हणाला, ‘बाबा, हे फोनवर सापडायचं नाही. शुक्रवारी येतो.’ किती दिवस, असं मी विचारलं. म्हणाला, ‘सापडेपर्यंत.’ आणि मग, ‘एकटाच येतोय.’ मी म्हटलं, बरं. तेवढंच म्हटलं.

अक्का, पत्र कुरियरने पाठवतो आहे, तूही उत्तर कुरियरनेच पाठव. पलीकडच्या खोलीत तिन्ही स्क्रीन आरशासारख्या चालू आहेत आणि शुक्रवारला पाच दिवस उरलेत. चाळीस वर्षं लोकांची मशीनं चालती करून दिली, पण नीट चालणारं मशीन असं कसं बिघडवायचं, की चांगल्या जाणत्या माणसाला महिनाभर सापडू नये, हे मला येत नाही.