सगुणाच्या लेकीची पोटगी

ठाणे, ११ जुलै १८९३
भांडी घासता घासता सगुणा रडायलाच लागली. नवऱ्याने, काळुरामने, दुसरी केली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हिला आणि तुळसाला एक पै नाही. 'तुळसाला टिटवाळ्याला भावाकडे ठेवते, बाई. तो बकऱ्या राखायला लावेल, पण खायला तरी घालेल.' पाच वर्षांची पोर! म्हटलं, वेडी आहेस. तुळसाच्या पोटगीचा अर्ज करू. मी लिहीन.

१३ जुलै
अर्जासाठी खर्चाची यादी केली. तांदूळ, तेल, वर्षाचे दोन परकर — महिन्याला रुपयाभर. मी 'दूध, आठ आणे' लिहिलं, तर सगुणाने कागदावर ओला हातच ठेवला! 'दूध तुम्ही देता की. शपथ घेऊन खोटं बोलू?' खोडलं. लहानपणी कॉन्व्हेंटात आम्ही सिस्टरच्या छडीला भिऊन खरं बोलायचो. ही कुणाला भिते?

२ ऑगस्ट
आज कचेरी. काळुराम कळव्याच्या मिठागरावर आठ महिने सहा-सहा रुपये कमावतो. त्याचे वकील म्हणाले, पावसात मिठागर बंद, मजुरी बंद, तेव्हा पोटगीही बंद असावी. सगुणा फटकन — 'मग पावसात पोरीचं पोटपण बंद ठेवू?'
सगळे हसले. मॅजिस्ट्रेटसाहेबसुद्धा! त्यांनी आठ महिन्यांची कमाई बारा महिन्यांवर पसरली — महिना चार रुपये. मग यादी पाहिली.
'मूल दूध पीत नाही?'
'बाई देतात, साहेब.'
'बाप बाई आहेत का?'
माझे कान तापले. मी मायेने देत होते, आणि बचत होत होती काळुरामची!
हुकूम झाला: दीड रुपया, बाराही महिने. काळुराम मान वर करेना.

३ ऑगस्ट
तुळसा टिटवाळ्याला जात नाही!!

५ सप्टेंबर
कचेरीतून पहिला दीड रुपया मिळाला. सगुणाने त्यातला रुपया तीनदा उलटापालटा करून पाहिला. 'खरा आहे गं,' म्हटलं. म्हणाली, 'त्याच्याकडचा आहे, बाई. बघून घेतलेला बरा.' किती दिवसांनी हसली!

४ ऑक्टोबर
काळुराम स्वतः आला. कचेरीत न भरता पैसे इथेच, ओट्यावर ठेवले. दोन रुपये. म्हटलं, 'हुकूम दीडाचा आहे.'
तो अंगणात खेळणाऱ्या तुळसाकडे बघत होता. 'कचेरीत हिशेब झाला तवा मी हिला दोन वर्षं बघितलीच नव्हती, बाई. केवढी झाली!'