लिफाफ्यातलं मत

अप्पा, यंदा लोकसभेच्या मतदानाला मला प्रिसायडिंग ऑफिसर केलं. अळणावरकडचं एक गाव, तिथल्या शाळेची खोली, लहान मुलांची बुटकी बाकं आणि माझ्यासाठी एक हलणारी खुर्ची. तुम्ही असतात तर आदल्या दिवशी मला समोर बसवून तासभर सूचना दिल्या असत्यात, आणि मी ‘माहीत आहे हो अप्पा’ म्हणत त्यातल्या निम्म्या ऐकल्या नसत्या. अठरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. माझं बोलणं अजून तसंच आहे, तोडून टाकल्यासारखं. आई असेपर्यंत म्हणायची, ‘हिच्या जिभेला देवानं हाड दिलं नाही, धार तेवढी दिली.’ तर सांगायचं ते असं, की त्या दिवशी माझ्या खोलीत एका बाईचं मत बुडालं, आणि ते बुडालं असं मी तिला तोंडावर सांगितलं. तुम्ही तुमच्या वेळी सांगितलं नव्हतंत. त्यावरून मी तुमच्याशी काय भांडले होते! तो विषय आपल्यात तसाच राहिला. आज बोलून टाकते.

आपल्या घरात सगळे दुकानदार. सांगलीकडून आलेल्या आजोबांनी जुन्या हुबळीत कापडाचं दुकान टाकलं, काकांनी ते वाढवलं, आणि तुम्ही मात्र खडू हातात घेतलात. ‘ह्याला गिऱ्हाईक पटवता येत नाही, म्हणून मास्तर झाला,’ असं काका चारचौघांत म्हणायचे आणि सगळ्यांत जास्त तुम्हीच हसायचात. नागरिकशास्त्र शिकवायला कुणालाच नको असायचं, ते तुम्ही मागून घ्यायचात. आठवीला मी तुमच्याच वर्गात होते. घरी अप्पा आणि वर्गात सर, असं करताना माझी त्रेधा उडायची. तुम्ही फळ्यावर तीन घरं काढायचात. एक आपल्या गावातलं, म्हणजे पंचायत नाहीतर महापालिका; एक बेंगळूरचं; एक दिल्लीचं. ‘नळ आणि गटार या घरात विचारायचं. पोलीस, दवाखाना त्या घरात. रेल्वे, टपाल, सैन्य ते पलीकडच्या घरात. आणि तिन्ही घरांचा मालक एकच, तो म्हणजे तू. म्हणून तीनदा मत द्यायला जायचं, कंटाळायचं नाही.’ मी हे घरी येऊन आईला सांगितलं, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, ‘तीन घरांचे मालक म्हणे! इथं एका घराचं छप्पर गळतंय, ते बघा म्हणावं आधी.’ त्याच वर्षी तुम्ही वर्गात मॉनिटरची निवडणूक घेतलीत. तिघे उभे, चाळीस मुलं, आणि निवडून आला त्याला सोळा मतं. मी उठून म्हटलं, ‘सर, मग चोवीस जणांना तो नकोच होता की!’ वर्ग खिदळला. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, ‘बरोबर आहे तुझं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त असलं की झालं. म्हणून तर एकेक मत जपायचं. ते एक कुणाचं, हे कुणालाच कळत नाही.’ मला अगदी पटलं होतं. इतकं, की घरी जाताना मी मैत्रिणींना तेच तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं.

त्याच्या दोनेक वर्षं आधीची ती सकाळ. तुम्ही मतदानाच्या ड्यूटीवरून घरी येता. शर्ट मळलेला, अंगठ्याला जांभळी शाई, डोळे लाल, पण चेहरा खुशीत. खिशातून लाखेचं अर्धं कांडं काढून माझ्या मुठीत देता आणि म्हणता, ‘सरकारी आहे, कुणाला दाखवू नकोस.’ उभ्या आयुष्यात तुम्ही सरकारचं एवढंच चोरलंत, असं मी आजही समजते. आई तुमच्यापुढे चुरमुऱ्यांच्या सुसल्याची बशी ठेवते आणि तुम्ही त्या गावातल्या एका बाईची गोष्ट सांगता. ती आली तर तिच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलेलं. दुसरा असता तर त्याने तिला हाकलली असती. तुम्ही गावातल्या माणसांना विचारून खात्री केलीत आणि तिला टेंडर मताचा, म्हणजे नाव आधीच वापरलं गेलं तर देतात तो कागद दिलात. तिने आडोशाला जाऊन शिक्का मारला, घडी घातली. तो कागद पेटीत टाकायचा नसतो. तुम्ही तो नियमाप्रमाणे वेगळ्या लिफाफ्यात घातलात, वर लाख लावलीत. ‘दोन्ही हात जोडून गेली बघ,’ तुम्ही आईला सांगत होतात.

‘मग तो लिफाफा उघडतात कधी?’ आईने विचारलं.

‘उघडत नाहीत. कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टाने हुकूम केला, तरच.’

‘म्हणजे मोजतच नाहीत?’

‘नाही.’

‘तिला सांगितलंत?’

तुम्ही बशीतला सुसला चमच्याने इकडचा तिकडे करत राहिलात.

‘अहो, म्हणजे वरातीमागून घोडं दिलंत तिला,’ आई म्हणाली, ‘आणि वर भासवलंत की त्याच्यावर नवरदेव बसलाय!’ मला त्या वेळी नुसतं हसू आलं. घोडं आणि नवरदेव एवढंच मला कळलं होतं.

पुढे बी.ए.ला मी धारवाडला जायला लागले, राज्यशास्त्र घेतलं, आणि नव्या शहाणपणाचा ताप अंगात भरला. एका पुस्तकात टेंडर मताचा नियम वाचला आणि ती सकाळ लख्ख आठवली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातच मी तुम्हाला धरलं. ‘तुम्ही त्या बाईला फसवलंत,’ म्हटलं. ‘वर्गात एकेक मत जपा म्हणता, आणि एका अडाणी बाईला खोटं मत देऊन घरी पाठवता. कसले तुम्ही मास्तर!’ आई लाटणं घेऊन माझ्या अंगावर यायची बाकी होती. तुम्ही रागावला नाहीत, तेच मला झोंबलं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी ती आली असती का गं?’ मी म्हटलं, ‘तो तिचा प्रश्न. खरं कळायचा तिला हक्क होता.’ ‘असेल,’ म्हणालात, आणि पेपर उघडलात. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी धारवाडहून पेढे आणलेत. मी खाल्ले, पण माघार घेतली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही माझं तेच खरं, हे माझ्या मनात पक्कं होतं. लिहायला लाज वाटते, पण होतं.

आता तुमच्या त्या पेट्या गेल्या, शिक्के गेले. यंत्र आलं. सकाळी पक्षांच्या एजंटांसमोर आधी पन्नास लुटुपुटीची मतं टाकून दाखवायची, ती पुसायची, मग खरं मतदान. आपण कुणाला दिलं त्याची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली पडते. बायका तोंडाला पदर लावून वाकून बघतात. यादी मात्र तुमच्या वेळची तीच, कागदाची. नाव शोधायचं, मोठ्याने पुकारायचं, एजंटांनी मान हलवली की त्या ओळीवर रेघ मारायची. एकदा रेघ पडली की ते माणूस मत देऊन गेलं. दुपारी दोनच्या सुमाराला एक बाई आली. साठीची असेल, काटक. आंब्याच्या बागेत तोडणीला जाते, त्या दिवसाची मजुरी सोडून आली होती. तिच्या ओळीवर रेघ होती. तिच्याच नावाची, नवऱ्याचंही नाव तेच असलेली, त्याच गल्लीतली दुसरी एक बाई सकाळी येऊन मत देऊन गेली होती, आणि तिची रेघ हिच्या ओळीवर पडली होती. त्या दुसरीची ओळ कोरी. सगळा गाव हिला ओळखत होता, हिचं बोट कोरं होतं, खोटं कुणीच बोलत नव्हतं. एक एजंट म्हणाला, ‘मॅडम, त्या कोऱ्या ओळीवर घ्या की हिला, बेरीज जुळत्येच.’ मी म्हटलं, ‘दुसरीच्या नावावर हिला? जमणार नाही.’ शेवटी तुमचीच पोर.

‘आत्ताच तर आलोय की मी,’ ती बाई म्हणत होती. ‘बोट बगा की बाई माझं.’

मी टेंडर मताचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. ती वळली, आडोशाकडे निघाली. तेवढं जाऊ द्यायचं होतं, अप्पा. पण तीस वर्षं जे ओठावर ठेवलं होतं ते मला गिळवलं नाही. ‘थांबा,’ म्हटलं. ‘हे मत यंत्रात जाणार नाही. लिफाफ्यात जाईल. हे मोजत नाहीत.’

‘कंदीच?’

‘कोर्टाने सांगितलं तर.’

‘मग कोर्टात कोन जानार? मी?’

रांगेतली माणसं हसली. ती हसली नाही. म्हणाली, ‘पंचायतीला दिलं तवा बरोबर गेलं होतं की.’ मी सांगायला लागले, की पंचायतीची निवडणूक वेगळी, ती घेणारा आयोगही वेगळा, ही दिल्लीची. तिच्यापुढे मी तीन घरं मांडत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आपल्याला भाकरी मिळणार नाही आणि वर ती कशी करतात ते ऐकायचंय, अशी. मग तिने सरळ विचारलं, ‘चूक कुनाची म्हनायची ही?’

‘गर्दीत झालं असेल,’ मी म्हटलं.

तिने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, वरून हाताने नीट केला. ‘ऱ्हाऊ द्या बाई. मोजत न्हाईत ते कशाला द्यायचं? आजची मजुरी गेली ती गेली. पुढल्या बारीला मी काय येत न्हाई.’ आवाजात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पदराने तोंड पुसत ती पायऱ्या उतरली आणि मी पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

म्हणून आधी एवढं करते, ‘फसवलंत’ हा शब्द मागे घेते. तुमची ती बाई पुढच्या निवडणुकीला आली असेल, त्याच्या पुढच्याही. तिची मतं मोजली गेली असतील. माझी येणार नाही. तरी सांगू का, मला अजूनही वाटतं की खरं सांगावं. माझं मला कळतंय, मी हट्टी आहे. पण सांगायचं तर मग पुरतं सांगावं, आणि मी पुरतं सांगितलं नाही. त्या बाईला थांबवलं तेव्हा मी तिच्याशी बोलतच नव्हते. तुमच्याशी बोलत होते. बघा, मी सांगते की नाही, असं.

सकाळी यादीवर बसणारे गृहस्थ नाश्त्याला उठले, तेव्हा दहा मिनिटं त्यांच्या जागी मी बसले होते. त्याच नावाची ती सकाळची बाई माझ्याच समोर आली. नाव जुळलं, नवऱ्याचं नाव जुळलं, मी यादीतला फोटो पाहिला नाही. रेघ माझी. दुपारी ती ओळ बघितल्याबरोबर मला कळलं, कारण माझी रेघ उजवीकडे वर चढत जाते, वहीत तुम्ही नेहमी तिला खूण करायचात. ‘चूक कुनाची’ असं तिने मला विचारलं, तेव्हा मला उत्तर माहीत होतं. संध्याकाळी केंद्राच्या सरकारी डायरीतही मी ‘गर्दीमुळे’ एवढंच लिहिलं. यंत्र सील करून आम्ही बसची वाट बघत बसलो, तर ते यादीवरचे गृहस्थ माझ्याजवळ आले. दुपारपासून त्यांचं तोंड उतरलेलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. म्हणाले, ‘चुकलं माझं, मॅडम. सांभाळून घ्या.’

मी म्हटलं, ‘असू द्या हो.’

त्यांनी माझे आभार मानले, अप्पा.

त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. त्या गावाला जाणारी बस कुठून सुटते तेही मी विचारून ठेवलंय. फोन केलेला नाही, गेलेही नाही. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही बोलणार नाही.