दोरीवर राहिलेले मोजे

आई,

घर रिकामं बघून घाबरू नका. तुमच्या लेकाने आपल्या दोघींनाही बनवलं. जखमी जवानांच्या उपचारांसाठी आज ती लांबची पदयात्रा निघतेय ना, तिथे "मी नुसता बसून पाणी वाटणार" म्हणाला होता. आत्ता त्याच्या मित्राचा फोन आला, स्वारी चालणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी आहे! चार दिवसांची वाट, आणि तीही त्या नव्या पायावर.

वर शहाणा जादाचे मोजे दोरीवरच विसरलाय. चालून चालून कापलेला पाय आक्रसतो, मग नवा पाय सैल होऊन घासतो. तेव्हा मोज्यावर मोजा चढवावा लागतो, नाहीतर कातडी सोलवटून निघते. मागची जखम तुम्हीच धुतली होती. म्हणून मोजे घेऊन मी त्याच्या मागे निघालेय.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. बीपीची गोळी चुकवू नका. त्याचा फोन आला तर मी बाजारात गेलेय म्हणा, आणि त्याला रागावू नका. काल तो शीळ घालत बूट पुसत होता. जखमी होऊन घरी आल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मी आपली ऐकत बसले.

कुबड्या दाराआड आहेत. दोनदा फाटकापर्यंत नेल्या आणि दोनदा परत आणून ठेवल्या. तुम्हीही कोणाच्या हाती पाठवू नका. त्याने मागितल्याच, तर मी फोन करेन. तोवर तिकडे बघूही नका.