तिरक्या रेघेच्या पुढचं

७ डिसेंबर, रविवार

ही डायरी जानेवारीत मिळाली. बियाण्याच्या कंपनीची आहे, कव्हरवर कपाशीचं बोंड. रोज लिहायचं असं तेव्हाच ठरवलं होतं. मग पेन नव्हता. पेन मिळाला तेव्हा मी पुण्यात आणि डायरी इथे अल्लीपूरला. पुण्याहून परत आलो (सुपरवायझर मला समजू शकला नाही) तर आईने डायरी टीव्हीच्या एका पायाखाली लावलेली. आज काढून घेतली. टीव्ही थोडा वाकडा दिसतो. चालेल.

आजपासून नियमित.

कारणही तसंच आहे. मी संशोधनात आलो. मोनाली ताई, माझ्या आत्याची मुलगी, नालवाडीला राहते, एम.एड. करते. तिचा विषय: किशोरवयीन विद्यार्थ्यांची स्व-संकल्पना, आणि मुलगा-मुलगी यांच्यात ती कशी वेगळी असते. बाळ लहान असल्यामुळे तिला फिरता येत नाही. मला येतं. फिरणं हीच माझी लाइन. शाळा एकच आहे, गिरडच्या पुढे. नववीचा वर्ग.

बदल्यात प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव छापून येणार. मी विचारलं, धम्मदीपच्या मागे सर लावता येईल का. ताई म्हणाली, पयले काम तर करजो.

बाबांनी विचारलं, स्व-संकल्पना म्हणजे काय. मी सांगितलं, माणूस स्वतःला काय समजतो ते. बाबा म्हणाले, हे तर मी तुले दहावीपासून विचारून राह्यलो, स्वतःले समजतो काय तू. आई हसली. मी हसलो नाही. वाईटही वाटलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

नालवाडीला जाऊन फॉर्म आणले. गठ्ठा जड आहे. फॉर्मवर वाक्यं आहेत, मुलांनी वाचायची आणि हो किंवा नाही वर खूण करायची. ताईने तीन-तीनदा बजावलं: वाटायचे, गोळा करायचे, मध्ये काही बोलायचं नाही, काही समजवायचं नाही. म्हणजे माझ्यातलं जे चांगलं आहे तेच वापरायचं नाही. मी हो म्हटलं. बघू.

बाळ मांडीवर दिलं होतं. शर्टावर दूध काढलं त्याने.

गठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं: संशोधक, धम्मदीप, अल्लीपूर.

१० डिसेंबर, बुधवार

काल लिहिलं नाही. काल काही झालं नाही.

आज आधी स्वतःच फॉर्म भरून पाहिला. डॉक्टरने आधी गोळी स्वतः खावी, तसं. ‘मी हाती घेतलेलं काम पूर्ण करतो/करते.’ हो. ‘मी सहज विचलित होतो/होते.’ नाही. ‘घरचे लोक माझं मत विचारात घेतात.’ हो. (कालच आईने विचारलं, पोळी पायजे का भाकर. मी भाकर सांगितलं. पोळी झाली होती, पण विचारलं तर होतं.)

एक शोध लागला. प्रत्येक वाक्यात शेवटी तिरकी रेघ आहे. रेघेच्या आधी करतो, नंतर करते. म्हणजे एकच गोष्ट दोनदा. रेघ आली की थांबायचं, पुढचं वाचायचंच नाही. अर्ध्या वेळात काम. ताईच्या लक्षात हे कसं आलं नाही.

अकराव्या वाक्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या मित्राचा, अंकितचा फोन आला, चौकात ये. बाकीचा फॉर्म उद्या.

११ डिसेंबर, गुरुवार

आज शाळा करायची होती. हिंगणघाटहून बस वेळेवर मिळाली, माझ्याकडून काहीच कमी नव्हतं. गिरडला उतरलो तर समोर दर्ग्याची टेकडी. लहानपणी एकदा आलो होतो, बाबांच्या खांद्यावर. म्हटलं पाच मिनिटं वर जाऊन येऊ. वर हवा फार चांगली. पायरीवर बसलो, गठ्ठा बाजूला ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. एका माणसाने रेवड्या दिल्या. डोळा लागला.

गठ्ठा आठवला तेव्हा बस हिंगणघाटला पोचली होती. दगड ठेवला होता, म्हणजे काळजी तर घेतलीच होती.

शाळा काय, उद्याही असते. वाक्यांचा फोटो मोबाइलमध्ये आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काम फत्ते.

टेकडी परत चढलो नाही. फॉर्म नसले तरी पद्धत असते. वर्गात उभा राहिलो, हेडमास्तरांनी ओळख करून दिली आणि ऑफिसात गेले. मी सांगितलं, मी अल्लीपूरचा, कधीही या, धम्मदीप सर म्हणून कोणालाही विचारा. मग सरळ विषयालाच हात घातला. म्हटलं, बोला, तुम्ही स्वतःले समजता काय?

अख्खा वर्ग उभा राहिला. मुली खाली मान घालून. मुलं सगळी एकाकडे पाहू लागली, कैलास नावाचा मुलगा. तो म्हणाला, सर, ट्यूबलाइट मी नाई फोडला, तो पयलेच फुटला होता. मी सगळ्यांना बसवलं. वातावरण तयार झालं होतं.

मग एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि हो असेल त्याने हात वर करायचा. तिरक्या रेघेची ट्रिक वापरली, त्यामुळे गाडी सुसाट. ‘मी माझं मत सर्वांसमोर मांडतो.’ मुलांचे हात वर. ‘मी चुकीच्या गोष्टीला विरोध करतो.’ मुलांचे हात वर. ‘मी अभ्यासात मागे पडतो.’ तरी मुलांचे हात वर, कैलासचे दोन्ही. याला म्हणतात कॉन्फिडन्स.

मुलींच्या बाजूने एकही हात नाही. नुसत्या पाहत होत्या. पहिल्या बाकावरची एक, दोन वेण्या, लाल रिबन, हजेरीत नाव आकांक्षा, तिने तिसऱ्या-चौथ्या वाक्याला विचारलं, सर, आमचं कधी घेता? खिचडीचं विचारत असावी. सांगितलं, बेल झाली की.

बेल झाली. मुलं पळाली. मुली बाकावर बसून राहिल्या. स्व-संकल्पना खचली की भूकही मरते, हे मी जागच्या जागी टिपून घेतलं. मग बस पकडली.

१३ डिसेंबर, शनिवार

निष्कर्ष काढले. मुलं शंभर टक्के, मुली शून्य. इतका स्वच्छ आकडा कोणाचाच येत नसेल.

ताईला व्हॉइस मेसेज टाकला. तिने ऐकला नाही, बाळाला ताप आहे. एवढं ज्ञान नुसतं ठेवून काय करायचं म्हणून हेडमास्तरांनाही पाठवला. सांगितलं की मुलींना चार लोकांत उभं करून त्यांच्यावर ताण आणू नये, त्यांना आधी आतून उभं करावं लागेल. हे वाक्य आपोआप आलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

उद्यापासून सकाळी पाचला उठणे.

१५ डिसेंबर, सोमवार

नऊला उठलो.

हेडमास्तरांचा फोन. वर्ध्याला जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा आहे, शाळेतून एकच नाव जातं. त्या आकांक्षाचं ठरलं होतं, पोरगी दिवाळीपासून तयारी करून राह्यली होती म्हणे, शेतात बापासमोर, घरी बकऱ्यांसमोर. पण तुमचा मेसेज ऐकला सर, आणि बरं झालं तुम्ही डोळे उघडले, नाहीतर पोरीची फजिती झाली असती. आता कैलासचं नाव टाकतो. नावं बावीस तारखेला जातात.

सर म्हणाले मला. दोनदा.

आईला सांगितलं, माझ्या संशोधनाचा शाळेला उपयोग झाला. आई म्हणाली, त्या पोरीले काय वाटलं असंन. मी म्हटलं, तिला काही वाटत नाही, शून्य आहे, मोजलं मी. आई तांदूळ निवडत राहिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

ताईचा फोन. शून्य कसं रे, असं म्हणाली. शून्य कोणाचंच नसते. एक वाक्य वाचून दाखव, जसं वर्गात वाचलं तसं.

मी वाचलं. मी माझं मत सर्वांसमोर मांडतो.

ती म्हणाली, आणि पुढं?

मी रेघेची ट्रिक सांगितली. वेळ कसा वाचतो तेही सांगितलं. तिने बाळ कोणाकडे तरी दिल्याचं ऐकू आलं. मग ती हळूच म्हणाली, धम्मदीप, तू पोरीयले विचारलंच नाई.

मी म्हटलं, त्या वर्गातच होत्या. ती म्हणाली, बाबू, तू वर्गात उभा राहून कोण कोण दाढी करतो असं विचारशीन, तर त्या हात वर करतीन का?

मी आकांक्षाचा खिचडीचा किस्सा सांगितला, जरा हसेल म्हणून. आमचं कधी घेता, म्हणे. ताई हसली नाही. बेल झाल्यावर त्या बसून का राहिल्या ते मला तेव्हा कळलं. ताईला आधीच कळलं होतं.

मग स्पर्धेचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, माझं मी पाहीन, बाळ घेऊन जाईन, नवीन फॉर्म भरून घेईन. तू फक्त त्या हेडमास्तरले तोंडाने सांगून ये, की चूक माही होती. सोमवारच्या आत.

ऋणनिर्देशाचं विचारायचं राहून गेलं.

फोन ठेवल्यावर काही वाटतंय का म्हणून छातीवर हात ठेवून पाहिला. बनियन ओलं लागलं. आईने नीट वाळवलं नव्हतं.

१७ डिसेंबर, बुधवार

प्लॅन तयार. उद्या पहिली बस. हेडमास्तरांना शांतपणे सांगायचं की संशोधनात दुसरी फेरी असते आणि दुसऱ्या फेरीत मुली पुढे गेल्या. चूक हा शब्द लागणारच नाही.

आरशासमोर बोलून पाहिलं. मधेच विसरलो. ती बकऱ्यांसमोर कशी बोलत असेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी संशोधक बरा दिसत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चप्पल शिवली. बस गेली होती. म्हणजे फाट्यावर पोचलो तेव्हा होती, पण अंकित भेटला, त्याच्या नव्या गाडीचा आवाज ऐकायला थांबलो. आवाज साधाच आहे.

फोन करणं सोपं, हे आधी का सुचलं नाही. लावला. दोन रिंग गेल्या. कट केला. हेडमास्तर जेवत असतील, साडेतीनला बरेच लोक जेवतात. त्यांचाच उलट फोन आला. उचलला नाही, कारण तोवर तयारी मोडली होती.

२० डिसेंबर, शनिवार

मेसेज लिहिला. चांगला झाला होता, पण लांब. छोटा केला. अजून छोटा केला. शेवटी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं. संबंध तरी टिकला पाहिजे.

त्यांचं उत्तर आलं: शुभ सकाळ सर. कैलास पाठ करून राह्यला, पण दुसऱ्या ओळीपुढे जात नाही.

बाबांनी विचारलं, तू जाऊन आला का त्या शाळेत? ताईने त्यांना सांगितलेलं दिसतं. मी म्हटलं, बस नसते. बाबा म्हणाले, गिरडले बस नाई, हे तू आज शोधलं का. मग वावरात निघून गेले.

मोबाइलमधल्या फोटोत ते वाक्य परत काढून पाहिलं. ‘मी चुकीच्या गोष्टीला विरोध करतो/करते.’ मी हो लिहिलं होतं. चूक स्वतःची असली तर काय करायचं, हे ताईच्या फॉर्ममध्ये कुठेच नाही. फॉर्म अपुरा आहे. तिला सांगायला हवं.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

उद्या नक्की. नावं उद्या जातात, पण सरकारी काम दुपारशिवाय हलत नाही. मी सकाळी पोचेन. आज रविवार, शाळा बंद, बस कमी, त्यामुळे आज जाण्यात तसाही अर्थ नाही. माझं डोकं शांत आहे. संकटात माझं डोकं नेहमीच शांत असतं.

त्याच दिवशी, चार वाजता

बाहेर छोटा हत्ती टेम्पो थांबला. मला वाटलं अंकित, गाडी बदलली. मग वाटलं ताई असेल, बाळ घेऊन. मागच्या खोलीत आलो आणि डायरी उघडली.

आई आत येऊन सांगून गेली. कोणी रूपराव नावाचा माणूस आहे, हिंगणघाटला तूर टाकून आला, संग त्याची पोरगी आहे. अर्धा तास गावात फिरून राह्यले होते, धम्मदीप सरचं घर विचारत. कोणालेच ठाऊक नाई. मग पोरीने सर काढून विचारलं, तर पयल्याच घराने सांगितलं.

मी आईला म्हटलं, सांग मी बाहेरगावी गेलो. आई म्हणाली, तुही चप्पल दारातच हाये. शिवलेली.

पुढे सांगितलं की पोरगी म्हणते, हेडमास्तर आज घरी आहेत, गाडीत समोर तिघांची जागा आहे, सरले रात्री जेवू घालून परत आणून सोडू. बस लागत नाही.

आता खिडकीतून ऐकू येतंय. बाबा तिला पाणी देऊन राह्यले. त्यांनी विचारलं, तू कोण वो बाई, काय करते?

ती म्हणाली, मी आकांक्षा. मी भाषण करते.

‘करते’ जरा जोरात म्हणाली.

बाबा हाक मारून राह्यले.