सायकल लेन मीच वाचवली

२ जानेवारी, पहाटे

मेक्सिको सिटीच्या पालिकेने खांबावर कागद लावलाय. आमच्या रस्त्यावरची सायकल लेन काढणार. मोटारींना जागा हवी म्हणे. कागद मी वाचला. म्हणजे फिलेमोनने वाचून दाखवला, अक्षर बारीक होतं. डोकंच फिरलं माझं. एवढे सायकलवाले, बिचारे जाणार कुठे?

मी लढणार. माझी तमालची गाडी, मक्याच्या पानात वाफवलेले गरम उंडे विकायची, सहा वर्षं त्याच लेनमध्ये उभी असते, त्याचा इथे काही संबंध नाही. फिलेमोन म्हणाला, संबंध नाही कसा, तिथे मोटारी आल्या तर तू काय डोक्यावर पातेलं घेऊन फिरणार? या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत धंदा दिसतो.

संकल्प: या वर्षी गाडी स्वतः पेडल मारत न्यायची. तीनचाकी सायकलच आहे ती. रोज सकाळी फिलेमोन चालवत नेतो आणि मी मागून चालते. आम्ही सायकलवाले म्हणायचं आणि सायकल येत नाही, बरं दिसत नाही. सोमवारपासून.

५ जानेवारी, सोमवार

थंडी. गुडघा. उद्यापासून.

दुपारी गाडी निघाली की जागेवर मी सिमेंट भरलेली बादली ठेवते. सगळेच ठेवतात, नाहीतर सकाळी दुसराच कुणी येऊन उभा. माझ्या बादलीच्या कडीला लाल चिंधी आहे, म्हणजे कुणाची यावरून भांडण नको. आज ठेवताना एक सायकलवाला आईवरून बोलला. असा जोश आंदोलनात कामी येईल.

युनुएन भेटली. हेल्मेटवाली पोरगी, सायकलवाल्यांची पुढारी. मला मानाने दोन्या म्हणते, म्हणजे बाई, तेवढं वळण आहे. म्हणाली, दोन्या लाला, तुमच्या गाडीमुळे आम्हाला रोज मोटारींच्या अंगावर जावं लागतं. मी म्हटलं, पोरी, मी उभी आहे म्हणून मोटारी आत घुसत नाहीत, उपकार मान. ती हेल्मेटचा पट्टा आवळून निघून गेली. पटलं असणार.

६ जानेवारी, रात्री

तीन राजांचा सण, त्यात शाळेच्या हॉलमध्ये पालिकेबरोबर बैठक. इंजिनिअर बाराहास आला होता. नकाशा लावून तासभर बोलला. मला एक अक्षर कळलं नाही, म्हणजे त्यालाच नीट सांगता येत नाही.

मी सणाचा गोल पाव घेऊन गेले होते. कापायला मीच. सुरी घातली की पावात भाजलेला इवला बाहुला कुठे लपलाय ते हाताला कळतं मला, एवढी वर्षं कापतेय. तो तुकडा बरोबर इंजिनिअरला दिला. ज्याला बाहुला निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खायला घालायचे, यातून कुणाची सुटका नाही. मेल्याने बाहुला गालात लपवला. गाल फुगलेला दिसला. मी म्हटलं, थुंका साहेब, दात पडेल.

सगळा हॉल हसला. तो म्हणाला, ठीक आहे, ऑफिसात या. मी म्हटलं, ऑफिसात नाही, लेनमध्ये घाला. चार लोकांसमोर नाही कसं म्हणेल? रस्ता खोदायचं मशीन तीन तारखेला येणार आहे. आदल्या दिवशी हा आमच्यात उभा राहून खाणार. मग बघू खोदायची हिंमत. डोकं लागतं याला.

७ जानेवारी

तमालची ऑर्डर बाराहासने मलाच दिली. पाठिंबा वाढतोय.

१४ जानेवारी

पेपरात फोटो आला! पालिकेने दिलाय. लेन, माझी गाडी, भोवती गिऱ्हाईक. ॲप्रन नशिबाने धुतलेला होता. खाली लिहिलंय की या लेनमधून सायकली जातच नाहीत. लिहिणारे काहीही लिहितात. कापून गाडीला चिकटवला.

युनुएन म्हणाली, अहो दोन्या, हा आपल्याविरुद्धचा पुरावा आहे, काढा तो! मी म्हटलं, गर्दी दिसते ना? मग झालं. जळतात लोक.

२५ जानेवारी, रविवार

सराव केला. सीटवर बसले. पेडल पुढच्या वेळी, गाडी अंगणात होती आणि मध्ये कोंबड्या.

संध्याकाळी सायकल मोर्चा. सगळे सायकलवर, मी चालत. ते पुढे निघून गेले. मी मागून नेतृत्व केलं. घोषणा माझीच सगळ्यात मोठी होती. ज्यूसवाली फुटपाथवरून म्हणाली, कुणासाठी ओरडतेस गं, रस्त्यात तर कुणीच नाही. तिला चळवळीतलं काय कळतं?

२ फेब्रुवारी

आज इतिहास घडला. नीट लिहिते.

बाराहास आला, कोट घालून. माझ्या गाडीपाशी उभा राहून पावात घालून तमाल वाटत होता. तेवढ्यात सायकली सुटल्या, सकाळची वेळ. माझ्या गाडीपाशी आलं की प्रत्येकजण बाहेर मोटारींत वळायचा. ब्रेक, हॉर्न, शिव्या. एकाचं हँडल साहेबाच्या कोटात अडकलं आणि हिरवी चटणी शर्टभर. साहेब ओरडला, हे रोज असं चालतं? युनुएन म्हणाली, रोज. म्हणून तर तुमच्या फोटोत लेन रिकामी आहे. आम्ही सगळे शेजारी मोटारींमधून जीव मुठीत धरून चाललेलो असतो.

तो हातात तमाल धरून बघतच राहिला. सायकली संपेनात. मला वाटलं आता लोखंड तापलंय, आणि मी जीव खाऊन ओरडले, लेन मोकळी करा! कुणाला उभं राहू देऊ नका!

साहेब म्हणाला, बरोबर बोललात बाई. तिथूनच फोन लावला. मशीन रद्द.

लोक नाचले. युनुएनने मला मिठी मारली, पहिल्यांदाच. मी रडले. लेन मी वाचवली. माझ्या एका पावाने.

३ फेब्रुवारी

पालिकेचा माणूस आला. लेन राहणार. तिच्यात काही उभं करायचं नाही. पेडलवर चालणारं काहीही जाऊ शकतं, थांबायचं मात्र नाही. मी विचारलं, हे कुठल्या शहाण्याने सांगितलं? म्हणाला, तुम्हीच की. साहेबांनी तुमचंच वाक्य घेतलंय.

फुटपाथवर ज्यूसवाली. ती हलायची नाही, तिला बघून घेईन.

फिलेमोन म्हणाला, मग चालत्या गाडीवरून विक. त्याला जमणार नाही, सातला चाव्या बनवायचं दुकान उघडायचं असतं. ठरलं. पेडल मी मारणार. चालत्या गाडीवर तमाल, अख्ख्या मेक्सिको सिटीत कुणी केलं नसेल.

४ फेब्रुवारी

फिलेमोनने ढकलून दिलं. गाडी सरळ गेली. मी म्हणतच होते मला येतं. गिऱ्हाईक बाजूने पळत हात पुढे करत होतं, पण द्यायला हात सुटेना, आणि ब्रेक कुठे असतो ते विचारायचं राहिलं होतं. मागून युनुएन घंटी वाजवत ओरडत होती, दोन्या, पुढे बघा, पुढे!

माझ्या जुन्या जागेवर, लेनच्या मधोमध, कुणीतरी सिमेंटची बादली ठेवली होती.

पातेलं उलटं. गरम आतोले, मक्याची गोड पेज, मेट्रोच्या जिन्यावरून खाली. गुडघा सुजलाय. सायकलवाल्यांनी थांबून तमाल गोळा करून दिले, ज्यूसवालीने पाणी दिलं. लोकांना अक्कल नाही. लेन सायकलींसाठी असते.

बादली ओढत घरी आणली. फिलेमोनने आधी कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

कडीची लाल चिंधी सोडून टाकली.