टेबलाखालचा अर्ज

सोमवार, ता. ३

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आधी बस, मग वाच. आम्ही भिंगरीला पहिलीला खासगी शाळेत घालायचं म्हणतोय. आत्या सरकारी शाळेत पहिलीची बाई आणि भाची तिकडे, हे कसं दिसतं ते कळतं गं मला.

शनिवारी मुलाखत झाली. म्हणायला भिंगरीची, पण घाम फुटला मला! तुझ्या वहिनीने चार दिवस उत्तरं घोकून घेतली होती. छंद विचारला तर वाचन सांगायचं, रंधा मारणं सांगायचं नाही. बसलो, मुख्याध्यापिकांनी टेबलावर कोपर टेकलं आणि टेबल डुगडुगलं. मी सुतार माणूस, किती दम धरणार? तिसऱ्या प्रश्नाला मी टेबलाखाली होतो आणि माझ्यामागून भिंगरी. एक पाय आखूड आहे, कागदाची घडी हवी, असं मी पुटपुटलो. पोरीने लगेच दिली. टेबल कसं ताठ उभं राहिलं! मग मुख्याध्यापिकांनी आमचा अर्ज मागितला.

तो पायाखाली होता.

वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाही. मुख्याध्यापिका मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, जागा आहे, तेरा तारखेपर्यंत नवा अर्ज भरून द्या. पण तुझा होकार आल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही.

राग वहिनीवर काढ, लोभ माझ्यावर ठेव.

तुझा दादा

गुरुवार, ता. ६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या सुट्टीत पत्र वाचलं आणि अशी हसत सुटले की शिपाईमामा पाणी घेऊन धावत आले.

अरे, एकच शाळा जन्मभराची असं कोणी सांगितलंय? सहाव्या वर्षी पायी जाता येईल अशी शाळा हवी आणि खेळायला माती हवी. दहाव्या वर्षी पुस्तकं हवीत, प्रयोगशाळा हवी. तेव्हा खासगी बरी वाटली तर खुशाल जावं. आठवी-नववीत तर पोरं स्वतःच सांगतात. तू नाही का आठवीत हट्ट करून सरकारी शाळेत परत आलास, का तर तिथे सुतारकामाचा तास होता?

आता एक गोष्ट लपवली तर मलाच चैन पडणार नाही. माझ्या वर्गात एकोणीस पोरं झालीत. सतरा तारखेला शिक्षण खात्याचे साहेब मोजायला येणार. वीस नसली तर पहिली बंद, पोरं बसने लांबच्या शाळेत आणि मी कुठेतरी भलतीकडे. घरोघर फिरून चपला झिजल्या. तुझ्या दारातून दोनदा परत फिरले. कारण माझा वर्ग डुगडुगतोय म्हणून भिंगरीची घडी करून पायाखाली सारलेली मला नकोय. तिला खासगीत घाल. माझा होकार आहे, अगदी मनापासून. (इथे शाई फुटलीय ती कांदा चिरताना.)

वहिनीची समजूत काढ, आणि मला असंच हसवत राहा.

तुझी धाकटी

बुधवार, ता. १२

चि. धाकटीस,
आशीर्वाद नंतर, आधी कान धरतो.

गाढवे, दारातून परत गेलीस? नणंद उंबऱ्यावरून फिरली म्हणून वहिनी दोन दिवस भांडी आपटतेय. एक बरं झालं, ती माझ्याशी बोलायला लागली. सध्या फक्त शिव्याच देते.

आज नवा अर्ज आणायला खासगी शाळेत गेलो. खोटं कशाला बोलू, शाळा झकास आहे. प्रयोगशाळा बघून मलाच पुन्हा शिकावंसं वाटलं. खिडकीतून अर्जावर नंबर टाकून दिला, तीनशे बारा. तो हातात घेऊन उभा राहिलो आणि मनात आलं, इथे आपली पोर तीनशे बारावी. आणि घरापासून दोन गल्ल्यांवर एकोणीस पोरं आणि एक आत्या तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलीत. सहाव्या वर्षी माणसाला आणखी काय लागतं गं? पाचवीच्या वेळी मी स्वतः त्या रांगेत उभा राहीन. वहिनीलाही पटलंय.

घडीचं म्हणशील तर भिंगरीलाच विचारलं, आत्याच्या वर्गाखालची घडी व्हायला चालेल का. तिला त्यात वाईट काय तेच कळेना. टेबल हलायचं थांबलं होतं की, म्हणाली.

उद्या येतोय. तुझ्या शाळेचा अर्ज वहिनीच्या हातात असेल. लोभाची काळजी नको, चहाचं पाणी तापत ठेव.

तुझा दादा

मंगळवार, ता. १८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल साहेब आले. शाळेत आत्या नाही, बाई म्हणायचं, हे मी भिंगरीला दहादा बजावलं होतं. साहेबांनी पत्रक टेबलावर ठेवलं आणि बोट नाचवत पोरं मोजली. एकोणीस! पुन्हा मोजली. एकोणीसच! पत्रकावर आकडा लिहायला वळले तर पत्रक गायब!

तेवढ्यात माझ्या टेबलाखालून जळमटं माखलेलं एक डोकं वर आलं आणि आत्याचं टेबल आता हलत नाही, असं साऱ्या वर्गाला ओरडून सांगितलं. साहेब स्वतः वाकले, पायाखालून पत्रक ओढलं, मांडीवर ठेवून सपाट केलं आणि हसू दाबत त्यावर वीस लिहिलं. दादा, मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले रे! या वेळी कांदा नव्हता.

टेबल पुन्हा डुगडुगतंय, रविवारी रंधा घेऊन ये. आणि लेकीला काही बोलू नकोस. बजावून काही उपयोग झाला नाही. कालपासून मला बाई कोणीच म्हणत नाही.

तुझी धाकटी,
वीस पोरांची आत्या